सल्फाइटच्या डब्याचं झाकण

दादा,

बाबांच्या शेवटच्या रोलला मी येईपर्यंत हात लावू नकोस. सकाळी मी त्यांच्या कृतीने फिल्म धुवायचा डेव्हलपर केला, तो बघता बघता तपकिरी झाला आणि चाचणीची पट्टी कोरी निघाली. डेव्हलपरला हवेपासून वाचवतं ते सल्फाइट, आणि त्याचाच डबा चार महिने उघडा राहून वाया गेलाय. नवं आणायला चाललेय. जेवण झाकून ठेवलंय.

डब्यावरून तुला नाही नाही ते बोलले, चुकलंच माझं. झाकण आत्ता बाबांच्या एप्रनच्या खिशात सापडलं. झाकण घट्ट लावल्याशिवाय दुसऱ्या बाटलीला हात न लावणारा माणूस! म्हणजे ते गेले त्या दिवशी सकाळपासूनच त्यांना बरं वाटत नव्हतं, दादा. आणि आपण दोघंही शेजारच्याच खोलीत होतो.

छोटी