खात्यावर तुझा नंबर

अण्णा,

आज निलंग्याच्या कॉलेजात पोरांना क्रेडिट रिपोर्ट कसा वाचायचा ते शिकवत होते. नमुना म्हणून पडद्यावर माझाच रिपोर्ट उघडला. लपवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? चार कर्जं दिसली. मी एकही काढलेलं नाही.

"मॅडम, तुमचेच हप्ते थकलेत की!" मागून एक जण ओरडला. वर्ग हसला.

चारही कर्जांवर तुझा मोबाईल नंबर होता. दहावीत शिष्यवृत्तीचं खातं उघडताना घरात फोन फक्त तुझ्याकडे होता, म्हणून बाबांनी तोच लिहिला. मी पदवीधर झाले, दुसऱ्यांना ओटीपी जपायला शिकवते, आणि माझा ओटीपी अजून तुझ्या खिशात येतो हे मला कधी सुचलंच नाही.

बाहेर येऊन तुला फोन केला. तू म्हणालास, "घरचीच गोष्ट हाय बाई. फेडायलोय की मी. तक्रार केलीस तर पोलीस नेतील मला."

वर्गात परतून मी खरं ते सांगितलं, तुझं नाव तेवढं घेतलं नाही. पहिल्या बाकावरची रेणुका उठली. "मॅडम, माझ्या खात्यावर बी भावाचाच नंबर हाय." मग एकेक हात वर झाला. बावीस हात, सगळे मुलींचे.

उद्या त्यांना घेऊन बँकेत नंबर बदलायला जाते आहे. तिथून एकटी पोलीस ठाण्यात जाईन. हे पत्र पाठवत नाही. पाठवलं, तर तू आईला फोन करायला लावशील, आणि मग मी जाणार नाही.

तुझी बहीण,
शिवकन्या