रतनबाईचा होकार

मु. खापरवाडी, पो. वडवणी
दि. ११ जानेवारी १९७३

चि. भारत यास,
वच्छलाआजीचे अ. आ.

मी अजून जिवंत हाय, हे कळवायला हे पत्र. दिवाळीपासून तुझी दोन ओळींची चिठ्ठी नाही, तेव्हा तू माझा तेरावाही उरकलास की काय, अशी शंका आली. मला अक्षर येत नाही म्हणून मी गप्प. तुला येतं, तर तू कावून गप्प? शेजारची मनकर्णा लिहून देते आहे. बाई पोटात ठेवणारी आहे, तेव्हा उत्तर मोकळं लिही.

आता खरं काम. एसटीचा कंडक्टर आसाराम सांगत होता की तुझ्या चारा सोसायटीच्या ओसरीत एक बेघर बाई झोपायची, ती आता गोदामाच्या आतल्या खोलीत राहते आणि किल्ली तुझ्या कमरेला असते. पुढचं तो बोलला नाही, नुसता हसला. ते हसणं मला लई टोचलं. तुझी बायको जाऊन तीन वर्षं झाली, तू बत्तीस वर्षांचा गडी. मी म्हातारी असले तरी आंधळी नाही. बाई कोण आणि काय चाललंय, ते तुझ्याच हातानं येऊ दे.

लोभ आहेच. वाढवायचा की आवरायचा, ते तुझं पत्र आल्यावर बघू.

तुझी आजी
(अंगठा तिचा, शाई माझी — मनकर्णा)


मांजरसुंबा
दि. १९ जानेवारी १९७३

ती. आजीस,
भारतचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लपवत नाही. तिचं नाव रतनबाई, वय तिशीचं. मेंढपाळाची बाई. नवरा गेल्या साली वारला, निम्मी मेंढरं चाऱ्यावाचून मेली. दीर उरलेला कळप घेऊन गोदाकाठी गेले, हिला रस्त्यावरच सोडून. दिवसा खडी फोडायच्या कामावर जायची, रात्री धाब्यामागं पडायची. तिथं ट्रकवाले त्रास देत, म्हणून आमच्या ओसरीला आली. मला दया आली, मी आतली खोली उघडून दिली.

मार्गशीर्षात आम्ही जवळ आलो. जबरदस्ती केली नाही, तुझ्या गळ्याची शपथ. मी विचारलं, तिनं मान खाली घातली आणि गप्प राहिली. तूच सांगायचीस ना, आजोबा तुला बघायला आले तेव्हा तू अशीच गप्प बसलीस आणि सगळ्यांनी होकार धरून गूळ वाटला? मी तिला भाकरी देतो, लुगडं आणलं. लग्नालाही तयार आहे. पण आमच्या सोसायटीचे अध्यक्ष राधाकिशनभाऊ म्हणतात, बोभाटा झाला तर ओसरी रिकामी करू. शिवाय जातीचं तू काय म्हणशील, याची धास्ती.

रागावलीस तरी माया काढून घेऊ नकोस.

तुझा भारत


खापरवाडी
दि. २७ जानेवारी १९७३

चि. भारत यास अ. आ.

जातीचं मी बघून घेईन. भावकीला माझी जीभ ठाऊक आहे. माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीनं. तुझं पत्र मनकर्णाकडून तीनदा वाचून घेतलं. रतनबाई हो म्हणाली, असं त्यात कुठंच नाही.

माझी गोष्ट मलाच शिकवतोस, लेकरा, पण अर्धीच. मी गप्प बसले तेव्हा माझ्यामागं बाप होता, चार भाऊ होते आणि दारात सोडलेला कुत्रा होता. मी नुसतं नाक मुरडलं असतं तर तुझा आजोबा मुंडासं सावरत बैलगाडीत बसला असता. रतनबाईच्या मागं काय होतं? गोदामाची भिंत. आणि दाराची किल्ली, मागणं घालणाऱ्याच्याच कमरेला. मागणं घालायला आपण बाईच्या उंबऱ्यावर जातो, ते कावून? तिला ‘या आता’ म्हणता यावं म्हणून. ती तुझ्या उंबऱ्यात होती. नाही म्हणून ती कुठं जाणार, धाब्यामागं?

तू वाईट नाहीस म्हणून तर जास्त भीती वाटते. वाईट माणसाला ओळखता तरी येतं. भाकरी देणाऱ्याला बाई नाही कशी म्हणणार?

आता लाज सोडून विचारते. तिला पाळी आली का? तिच्या अंगावर धाब्यावरचं काही दुखणं आलं असेल, तुझ्याकडून तिला गेलं असेल, कुणी सांगावं? दोघांनी वेगवेगळं जाऊन सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. आजपासून त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. आसारामची बायको भामाबाई हिच्याबरोबर तिला माझ्याकडं पाठव, तिची इच्छा असेल तर. तू येऊ नकोस.

लोभ सध्या फळीवर ठेवला आहे.

तुझी आजी


मांजरसुंबा
दि. ३ फेब्रुवारी १९७३

ती. आजीस सा. न.

तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस हिंडलो. एक गोष्ट आठवली, ती मागच्या पत्रात लिहिली नव्हती. मी विचारलं त्याच्या आदल्या दिवशी रतनबाईनं मला विचारलं होतं की खोली उद्याही राहील ना. मी हसून म्हणालो होतो, बघू. मला ती थट्टा वाटली होती.

मी भामावहिनींना सगळं सांगितलं, त्यांनी तिला विचारलं. येते म्हणाली. मंगळवारच्या गाडीनं दोघी निघतील. मी स्टँडवर जाणार नाही. दवाखान्यात जाऊन आलो, मला काही नाही. आजी, मला ती खरंच हवी आहे. माझ्या वतीनं तू मागणं घाल.

अपराधी,
भारत


खापरवाडी
दि. २२ फेब्रुवारी १९७३

चि. भारत यास अ. आ.

रतनबाई सुखरूप पोचली. पहिले चार दिवस ती दाराशीच झोपली, गाठोडं बांधलेलं, चपला उशाशी. भांडी न सांगता घासायची आणि घासताना माझ्या तोंडाकडं बघायची. मी काहीच विचारलं नाही. आठव्या दिवशी कालवणातल्या मिठावरून ती माझ्याशी कडकडून भांडली. म्हणाली, म्हातारीची जीभ मेली आहे. मला इतका आनंद झाला की मनकर्णाला हाक मारून दाखवलं. जिला हाकलून देतील अशी भीती असते, ती मिठावरून भांडत नाही.

मग मी तिच्या सतरंजीवर, तिच्यासमोर बसून तुझं मागणं घातलं. पाळी आली आहे, नर्सबाईनं तपासून औषध दिलं आहे, तेव्हा पोटापायी हो म्हणायची गरज नाही, हेही सांगितलं. या खेपेला ती गप्प बसली नाही. म्हणाली की भारतनं कधी हात उगारला नाही, तो मनानं बरा आहे. पण त्या खोलीत तो तिला हवा होता की नुसतं छप्पर हवं होतं, हे तिचं तिलाच कळलं नाही. कळायला जागाच नव्हती. म्हणून नाही. स्पष्ट, तोंडानं, माझ्या डोळ्यात बघून.

तुझ्यासाठी मला वाईट वाटलं. तरी सांगते, पोरा, तुला तिच्याकडून मिळालेली पहिली खरी गोष्ट ही आहे. ती जपून ठेव. ती पुढच्या महिन्यात वडवणीला घोंगडीवाल्यांच्या सोसायटीत लोकर कातायला जाणार आहे, सभासद म्हणून, स्वतःच्या नावानं. तिच्यामागं जाऊ नकोस, कुणाच्या हाती निरोप धाडू नकोस. ओसरीला अजून दोन बाया आहेत असं भामाबाई म्हणाली. आतली खोली त्यांना दे आणि किल्ली भामाबाईच्या हाती दे. राधाकिशन कुरकुरला तर मला कळव, मी येऊन त्याच्या दारात बसते.

लोभ फळीवरून खाली काढला आहे. धूळ झटकून पाठवते, सांभाळ.

तुझी आजी

ता. क. रेशनची ती लाल मिलो ज्वारी पाठवू नकोस, पोटात गोळा येतो. मिळाली तर बाजरी पाठव, आणि चटणीला चार मुठी कारळं. पिशवीवर नाव माझंच घाल. विचारलं कुणी तर म्हाताऱ्या आजीला धाडलंय म्हण. रतनबाईच्या ताटात पडेल तो घास माझा असू दे, तुझ्या उपकाराचा नको.