दहा मिनिटांचं काम

बाबा, आज सकाळपासून तुमच्यावर संतापले आहे. आम्ही एक जुनी मिनीबस घेऊन तिची घरगाडी करून घेतली. आत पलंग, शेगडी, छोटं कपाट. उद्या पचमढीला निघायचं आणि त्या कपाटाच्या लाकडी दाराची बिजागरी खिळखिळी! हे म्हणाले, "अवधपुरीतून मिस्त्री बोलावतो." म्हटलं, काही नको. स्क्रू काढले, मोठ्या झालेल्या भोकांत गोंद लावून काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळले. वाळायचा वेळ सोडला तर दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांचं, बाबा!

कारखान्यात तुम्ही मनगटाएवढे बोल्ट आवळायचात आणि क्वार्टरच्या मागच्या दाराचे तीन स्क्रू तुम्हाला जड झाले. का, तर क्वार्टर सरकारी कंपनीचं! मेंटेनन्सच्या रजिस्टरात तक्रार लिहायची आणि वाट बघायची. तिथला बाबू सांगणार, "कारपेंटर छुट्टी पर है, भाईसाहब," आणि तुम्ही मान डोलावून घरी. शेजारच्या काकांनी स्वतःची दारं स्वतः ठोकली, त्यांना कोणी फासावर दिलं? आई बिचारी ते लोंबलेलं दार रोज दोन्ही हातांनी उचलून धरते, तेव्हा कुठे ते लागतं. मी तेरा वर्षांची, पेचकस घेऊन बसते, तर तुम्ही हातातून हिसकावून घेता. "सरकारी वस्तूला हात लावायचा नाही. मला अक्कल शिकवू नकोस." त्या इमानदारीला काय चाटायचंय? त्याच दिवशी त्या दारात आईची दोन बोटं चिरडली, उजव्या हाताची. पुढे तिच्या ब्लाउजची बटणं मी लावून द्यायचे. आणि दवाखान्यातून आल्या आल्या तुम्ही दार दुरुस्त केलंत. त्याचा तर मला जास्त राग येतो.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र कुठे टाकणार? चुलीतच जायचं आहे, तर लिहूनच टाकते. नवऱ्याला, मुलांना, सगळ्यांना मी हेच सांगत आले, की बाबांच्या हट्टापायी आईची बोटं गेली. तुमच्या तोंडावरही म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत, आई गप्प राहिली. पेचकस हिसकावलात म्हणून मी पाय आपटत मागच्या अंगणात निघाले होते. आई दार उचलून धरून म्हणाली, "थांब गं, माझी बोटं आहेत फटीत." मला ऐकू आलं होतं, बाबा. तरी मी दार आपटलं.