ब्याण्णव पानांची वही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (एक गुडघा वाकत नाही, तेव्हा सातच अंगांचा धरून चाल.) तुझं बीपी आणि भावजींचा खोकला कसा आहे? मी बरा आहे, म्हणजे जेवतो, पण अन्न गोड लागत नाही.

कारण सांगतो. कारखान्यात लोखंड कातायचा, कॉम्प्युटरवर चालणारा नवा लेथ आला आणि तो शिकायला साहेबांनी पाच दिवसांच्या ट्रेनिंगला नेमकं मलाच पाठवलं. अठ्ठावीस वर्षं हाताने लेथ चालवलेला माणूस मी; तिथे सगळी पोरं माझ्या लेकाच्या वयाची. शंका विचारली तर हसतील, म्हणून ठरवलं की तोंड उघडायचं नाही, पण मास्तरांचा एकही शब्द सोडायचा नाही. (तूच म्हणायचीस ना, लिहिलेलं कधी वाया जात नाही?) पाच दिवस मान खाली घालून लिहिलं, ब्याण्णव पानं भरली. मास्तर बोटाने दाखवत होते तेव्हा मी लिहीत होतो, आणि मी मान वर करेपर्यंत ते पुढच्या बटणावर. शेवटच्या दिवशी सगळ्यांना मशीनला हात लावू दिला, तेव्हाही मी मागे उभा राहून सुटलेलं उतरवून घेत होतो.

घरी येऊन वही उघडली. पान सतरा: 'आता हे असं दाबायचं, की ते तिकडे सरकतं. हे मात्र चुकूनही दाबायचं नाही.' ताई, हे म्हणजे कुठलं गं? पानंच्या पानं नुसतं हे आणि ते! एकोणिसाव्या पानावर तर 'ती खिडकी लावा हो जरा' हेसुद्धा सुवाच्य अक्षरात आहे.

एवढ्यावर भागलं असतं, पण साहेबांनी वही पाहिली, पाठ थोपटली आणि फर्मान काढलं: पुढच्या सोमवारपासून कारखान्यातल्या उरलेल्या अकरा जणांना मीच शिकवायचं. जुना लेथ भंगारात निघालाय. नवा जमला नाही तर मला गोदामात खोकी मोजायला बसवतील. खरंच भीती वाटते गं. लेथशिवाय मला दुसरं येतं काय?

भावजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझी लेक असलंच मशीन चालवते ना? तिला रविवारी इकडे पाठवशील? (सरावासाठी म्हणून साहेबांकडून कारखान्यातलं मशीन रविवारपुरतं मागून ठेवलंय.) तिला नोकरी लागली तेव्हा 'लेथ हे मुलींचं काम नव्हे' असं मी चारचौघांत म्हणालो होतो. ती ते विसरली नसेल, तर आधी कान धरीन, मग शिकेन.

ता. क. २ अकराही जणांनी वहीची झेरॉक्स काढून नेलीय. (त्यांनाही शंका विचारायची लाज वाटते, म्हणून अजून कुणी काही बोललेलं नाही.)

ता. क. ३ भाचीला सांग, मामा या वेळी पेन घरी ठेवून येणार आहे.