चव न घेता केलेला स्वयंपाक

१८ जुलै
मेटाफिजिक्सचा पेपर यंदाही माझ्याच गळ्यात. ऐच्छिक विषय, त्यामुळे मुलं आधी येऊन भाजी निवडल्यासारखी चौकशी करून जातात. आज जेनिफर आली. शेवटच्या वर्षाची, दर रविवारी चर्चमध्ये गाते. तमिळमध्ये विचारलं, "मॅडम, हा विषय घेतला की श्रद्धा जाते म्हणतात. आई घाबरलीय."
म्हटलं, तसं काही नाही.
"तुमची गेली का?"
तेवढ्यात बेल झाली. मी वाचले.
घरी आले तर देवीचा आडी महिना लागलेला, कोपऱ्यावरच्या अम्मनच्या देवळाचा लाउडस्पीकर जोरात. एक वही तपासून झाली असेल तर शपथ.

२१ जुलै
अप्पांनी पंचांग पुढे सरकवलं. आईचं वर्षश्राद्ध ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतंय. तिचा चष्मा अजून फ्रिजवर आहे. पुसते मीच, हलवत कोणी नाही.
आमच्याकडे, म्हणजे तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत, श्राद्धाचा स्वयंपाक घरच्याच बाईनं करायचा, सोवळ्यात, उपाशीपोटी. आजीनं केला, आईनं केला. आता मी, असं मी धरूनच चालले होते. अप्पा कसले धरून चालतात! सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, विचारल्याशिवाय पान हलत नाही.
"कालिजांत काय शिकवतेस तें ठाऊक आहे मला. माणूस मेल्यावर उरतो कां नाहीं, त्याचाच वाद ना?"
"तोही असतो."
"मग सांग. आई त्या दिवशीं जेवायला येते असें वाटतें कां तुला? वाटत नसलें तर तूं नक्को करूं. ओरत्तनाडूच्या स्वयंपाकाच्या बाईला बोलावतों. नाटक नक्को."
रागावून म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

२२ जुलै
अप्पांना वाटतं, मेटाफिजिक्स म्हणजे देव नाही हे सिद्ध करायचा कारखाना. मी दोन्ही बाजू शिकवते. दहा वर्षांपूर्वीची मी आणि आत्ताची मी एकच, ते कशामुळे? शरीर तर बदललं. आठवणींमुळे म्हणावं, तर ज्याच्या आठवणी गेल्या तो कोण? आत्म्यामुळे म्हणावं, तर हा तोच आत्मा हे ओळखायचं कसं? एकही बाजू शेवटपर्यंत टिकत नाही, आणि हे शिकवताना मला मजा येते. खरंच येते. संध्याकाळी देवीच्या टाकापुढे दिवा लावते तेव्हा आपोआप डोळे मिटतात, तेही खरंच.
इतकी वर्षं दोन्ही एका घरात सुखानं नांदली, कारण कोणी विचारलंच नव्हतं.
की ती श्रद्धा नव्हतीच, नुसती सवय?
"शक्यता नाकारता येत नाही" असं अप्पांना सांगावं? म्हणतील, असं म्हणून कोणी पाहुण्याला बोलावतं का.

२५ जुलै
जेनिफरनं पेपर घेतला. आईला कसं पटवलंस? तर म्हणे, "सांगितलं तिला, ज्याच्यावर माझा भरवसा नाही त्याला मी प्रश्नच विचारत नाही."
छान वाक्य. बसमध्ये विचार केला आणि भोक सापडलं: पोलीस संशयितालाच प्रश्न विचारतात. माझी ही खोड जाणार नाही.

२८ जुलै
आज सांगून टाकलं. "येते कां नाहीं, ठाऊक नाहीं मला. पण स्वयंपाक मीच करणार."
"ठाऊक नाहीं, हें काय उत्तर?"
"आहे तेवढेंच आहे, अप्पा. जास्त सांगितलें तर तेंच नाटक होईल."
ते नेसलेल्या वेष्टीचा सोगा सारखा करत राहिले. मग हळूच, "आज आईचें. उद्यां माझें. मलाही जेवायला यायला एक घर पाहिजे ना."
मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. वर्गात ज्याला "व्यक्तीचं सातत्य" म्हणते ते हे. माझ्या बापाला भूक लागेल की नाही, हे.

२९ जुलै
अप्पा बोलतात, पण कामापुरतं. ओरत्तनाडूच्या बाईला फोनवर सांगताना ऐकलं, "श्राद्धाच्या सकाळपर्यंत थांब. बघूं."
ही वही देवनागरीत आहे म्हणून बरं. अप्पांना मराठी बोलता येतं, वाचता तमिळच.

४ ऑगस्ट
झालं.
पहाटे न्हाऊन सोवळं नेसून सरळ चुलीपाशी गेले. अप्पा दारात आले, पाहिलं, परत गेले. "नक्को येऊं" असा ओरत्तनाडूला फोन केलेला ऐकू आला.
कच्ची केळी, पडवळ, उडदाचे वडे, खीर, तिळाचे लाडू. मिरची नाही, टोमॅटो नाही, मिरं-जिऱ्याचं सार. श्राद्धाचं जेवण आधी चाखायचं नाही, पितरांच्या आधी आपली जीभ नको. म्हणून मीठही अंदाजानंच.
साराच्या वेळी पळीतून थेंब तळहातावर घेतला, रोज घेते तसा. हात तोंडापर्यंत गेला, आणि थांबला. तो धुऊन टाकला.
गुरुजी जेवले. श्राद्धाला जेवणारा चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. पानात वरून मीठही वाढत नाहीत. त्यामुळे मला काहीच कळलं नाही. शेवटी आम्ही दोघं बसलो. पहिला घोट, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. साराला मीठ नव्हतंच. कमी नव्हे, मुळी घातलंच नव्हतं.
अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "चाखलें नाहींस?"
"श्राद्धाचें चाखतात कां?"
"मी पुढच्या खोलींत होतों. कोण बघत होतें तुला?"
अप्पा सगळं सार प्यायले.

५ ऑगस्ट
कोण बघत होतं?
सवय म्हणावी, तर माझी रोजची सवय चाखायचीच आहे. ती मोडली. अप्पांचा धाक म्हणावा, तर ते तिथे नव्हते. मग हात कोणासाठी थांबला?
यातून काही सिद्ध होत नाही. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी लाल शाईनं "म्हणून काय?" असं लिहिलं असतं. आणि तरी दिवसभर तो तळहात आठवतोय. आईची इतकी आठवण वर्षभरात आली नव्हती.

७ ऑगस्ट
संध्याकाळी अप्पा ओसरीवर. मी कॉफी घेऊन गेले. पेला हातात धरून बसले, पिईनात.
"खरें सांग. आली असेल कां गं ती?"
अप्पा विचारत होते. मला.
"तुम्हींच तर म्हणतां येते म्हणून."
"मी नेमानें वाढतों. माझ्या बापाला वाढलें, आजाला वाढलें. येतात कां नाहीं, तें कधीं मनांतच आलें नाहीं. तुला विचारायला गेलों आणि तेव्हांपासून मलाच झोप नाहीं."
भीती वाटली. माझ्या विषयाची पहिल्यांदाच भीती वाटली. जेनिफरची आई मुलीसाठी घाबरली होती, इथे तर माझ्या बापाचीच श्रद्धा हलली. "हो" म्हणावं असं अगदी ओठावर आलं. दोन्ही बाजू तोंडपाठ आहेत, एकही त्यांच्यासमोर मांडवेना.
"ठाऊक नाहीं, अप्पा," म्हटलं. "पण सार अळणी झालें ना, त्याचें मला फार वाईट वाटलें. गुरुजींसाठीं नाहीं. तुमच्यासाठींही नाहीं."
अप्पा रस्त्याकडे बघत होते. कॉफी निवून गेली.
"मलाही," म्हणाले.