तीन महिन्यांची कावीळ

केडगाव, मंगळवार, ३ डिसेंबर १९९६

माझ्या नैराश्यावरच्या पुस्तकाचं पहिलं पान आज संध्याकाळी लिहून झालं. चाळीस मिनिटांत, एकही खाडाखोड नाही. तिथेच संशय आला. वीस वर्षं बातमीदारी केली. इतका सुबक मजकूर मला फक्त सरकारी खुलाशात भेटलाय.

पुन्हा वाचलं. गोळ्या, पुण्याचे डॉक्टर, गेलेली झोप, सगळं जागच्या जागी. मग खटकतंय काय? शेवटी पान बायकोच्या हातात दिलं. सुमनने चहा गाळता गाळता वाचलं आणि विचारलं, "अहो, ही कावीळ कुणाला झाली होती?"

तिसऱ्या परिच्छेदात मी लिहून बसलो होतो, 'कावीळ झाल्याने तीन महिने रजेवर होतो.' तेव्हा ऑफिसला आम्ही हेच कळवलं होतं. सहकारी उसाचा रस घेऊन भेटायला यायचे. मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो आणि सुमन दारातूनच सांगायची, "डोळे अजून पिवळेच आहेत."

"कावीळ तूच पसरवलीस," मी म्हणालो.

"पसरवली की. पण पुस्तक मी लिहीत नाहीये."

मी पान परत घेतलं. स्वतःच्या हाताने, न अडखळता लिहिलेली कावीळ. आणखी कुठे कुठे असेल?

सगळं पान खोडलं. खाली नव्याने लिहिलं, 'मला कावीळ झाली नव्हती.' एवढ्या चार शब्दांना दोनदा खाडाखोड झाली. यांच्यावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही.