काढलेल्या पोटाचा घास

मोरबी, ता. ४ फेब्रुवारी २०२५

सोनालीताईस धाकट्या अजिनाथचा सा. न. वि. वि.

परत खापर माझ्यावरच. मी लांब पळालो म्हणून अप्पा जेवंनात, असं आय म्हणती आणि तू तसंच लिवून पाठवतीस. मी हितं फरशीच्या कारखान्यात ऐतं खातो व्हय? अप्पांचं पोट गाठीपायी डॉक्टरनं काढलं, मी न्हाय. आतडं वर नेऊन अन्ननळीला जोडलंय, थोडं थोडं द्या, हे तुमा दोघींना सांगितलं हुतं की. फोनवर आय शेजारी बसून ऐकती, म्हणून लिवतोय. खरं काय ते कळव.

लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे, रागासकट.
अजिनाथ

शुक्रवार पेठ, सोलापूर, ता. ११

चि. अजिनाथ यास ताईचे अ. आ.

खरं सांगते. परवा आयनं गुळाचा शिरा ताट भरून दिला. ताटात टाकायचं न्हाय ही तिची शिस्त. अप्पांनी संपवला आणि घामानं भिजले, छाती धडधडली, डोळे फिरले. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आय म्हणती, बाहेरचं लागलंय.

अप्पांचं तिसरंच. त्यांना भूकच लागत न्हाय. म्हणतात, भूक पोटाबरोबर गेली, ते कुटंतरी उपाशी पडलंय. पितरांना ठेवावा तसा घास उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि त्या पोटाचं खाऊन झाल्याशिवाय तोंडात काही घालत न्हाईत. घास वाळतो, अप्पाबी वाळत चाललेत. काल बंद दाराला कान लावून बसले होते. कोण आलंय विचारलं, तर म्हणाले, गप ऱ्हा, ते चाचपडतंय.

मला त्या दारातून जायची भीती वाटते. जिवाला जप.
तुझी ताई

मोरबी, ता. १९

ताईस सा. न.

वाचल्यापासनं माझाच घास खाली उतरंना. खोलीच्या दाराकडं बघत बसलो.

अप्पांना येड्यात काढू नका. ते पोट जन्मभर त्यांच्यासंगं मेंढरामागं उपाशी हिंडलंय. त्याला सोडून ते कसं जेवतील? त्यांना एवढंच सांग, पंगतीत थोरल्यानं घास घेतल्याबिगर कोण हात लावत न्हाय. ते बाहेर अप्पांचीच वाट बघतंय. अप्पांनी चावून गिळलं, की मग ते खाणार.

दर दोन तासाला दोन लहान वाट्या कर, एक आत, एक बाहेर. मऊ भात, डाळ, अंडं. गोड न्हाय, आयला बजाव. मी बनवून सांगतोय असं समजू नको. ते उपाशी असंल, असं मलाबी वाटतंय.

आयला नमस्कार, तुझी माया असू दे. जेवणाखाण्याला, अप्पांच्या आन् त्याच्या, दोघांच्या हिशोबानं, रुपये चार हजार पाठवतोय.